लिल-स्युर-ला-सोर्ग: आधी पाणी बघा, मग बाजार

रविवारी अकराच्या सुमारास आव्हिन्योंहून गाडीने यायचं, गर्दीतून वाट काढत चार फोटो काढायचे, लव्हेंडरची एक पुरचुंडी घ्यायची आणि दुपारी परत फिरायचं. दक्षिण फ्रान्समधलं लिल-स्युर-ला-सोर्ग हे गाव बहुतेक पाहुणे असंच बघतात. पहिल्या खेपेला मीही तसंच बघितलं आणि "छान आहे, पण गर्दी फार" एवढंच मनात ठेवून परतले. दुसऱ्या खेपेला दोन रात्री राहिले आणि क्रम उलटा केला: आधी नदी, मग बाजार, शेवटी नदीचा उगम. तेव्हा कुठे गाव उलगडलं. या लेखात तोच क्रम दिला आहे. शनिवार दुपार ते सोमवार दुपार असे दोन दिवस हाताशी धरून वाचा.

गाव म्हणजे काय, हे आधी समजून घ्या

"लिल" म्हणजे बेट. पूर्वी गावाचं नाव नुसतं तेवढंच होतं, सोर्ग नदीचं शेपूट मागाहून जोडलं गेलं. प्रोव्हान्समध्ये, आव्हिन्यों शहराच्या पूर्वेला साधारण २५ किलोमीटरवर हे गाव आहे. वस्ती साधारण २० हजारांची. सोर्ग गावाशी येते आणि फाटे फोडून जुन्या गावठाणाला चहूबाजूंनी कवेत घेते. मुळात ही दलदलीची जागा आणि तिथली वस्ती मासेमारांची.

पाण्याइतकीच आणखी एक गोष्ट या गावाला घडवून गेली, ती म्हणजे सरहद्द. १२७४ पासून १७९१ पर्यंत हा मुलूख फ्रान्सच्या राजाचा नव्हताच. कोंता व्हनेसँ नावाचा हा प्रांत पोपच्या मालकीचा होता. १३०९ ते १३७७ या काळात पोप स्वतः रोम सोडून आव्हिन्योंमध्ये राहिले. १३४८ मध्ये ते शहरही त्यांनी नेपल्सच्या राणीकडून ८० हजार फ्लोरिन मोजून विकत घेतलं. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर १७९१ मध्ये सगळा मुलूख फ्रान्सला जोडला गेला. म्हणजे पाच शतकं हे गाव पोपच्या राज्यात होतं, आणि त्यातला बराच काळ भोवती फ्रान्स आणि आत पोपचं राज्य अशा अवस्थेत जगलं.

हा इतिहास गावात फिरताना पावलोपावली उपयोगी पडतो. मासळीचंच बघा. उपासाच्या दिवसांत आणि दर शुक्रवारी ख्रिस्ती धर्माने मांस वर्ज्य केलेलं, आणि काही तासांच्या अंतरावर पोपचा अख्खा दरबार. सोर्गमधल्या ट्राउट, वाम आणि झिंग्यासारख्या नदीतल्या शेवंडांना मग गिऱ्हाईक कमी कसं पडेल? इथल्या मासेमारांची संघटना आजही "पेस्कायर" या प्रोव्हान्साल नावाने ओळखली जाते. त्यांच्या सपाट बुडाच्या लाकडी होडीला "नेगो-चिन" म्हणतात. शब्दशः अर्थ "कुत्रा बुडवणारी". पाय जरा चुकीच्या जागी पडला की ती कलंडते, म्हणून हे नाव. वल्ही नाहीत, लांब काठीने तळ रेटत ती पुढे न्यायची.

दिवस कोणता धरायचा

बाजार आठवड्यातून दोनदा भरतो: गुरुवारी आणि रविवारी, दोन्ही वेळा सकाळी. गुरुवारचा लहान, गावकऱ्यांचा. रविवारचा मोठा, आणि त्याला जोडून जुन्या वस्तूंचा बाजार. फक्त भाजी-फळं आणि गावचं रोजचं आयुष्य बघायचं असेल तर मी निःसंकोच गुरुवार सुचवेन. पहिल्यांदाच जात असाल तर मात्र रविवार चुकवू नका.

महिने म्हणाल तर एप्रिल ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर. वसंतात उगमाला पाणी भरपूर असतं, बाजारात शतावरीच्या कोवळ्या कोंबांच्या जुड्या आणि जवळच्या कार्पांत्रा गावच्या स्ट्रॉबेऱ्या येतात, मे-जूनमध्ये चेरी. जुलै-ऑगस्टमध्ये खरबुजं आणि लव्हेंडरचा मध मिळतो, पण ऊन कडक आणि गर्दी दुप्पट. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी तरंगता बाजार भरतो. विक्रेते त्याच नेगो-चिन होड्यांतून भाज्या, फुलं, पाव विकत घाटाघाटाने फिरतात. त्यासाठी जायचं असेल तर गर्दी गृहीत धरूनच जा. ईस्टर आणि १५ ऑगस्ट या दोन सुट्यांना जुन्या वस्तूंची मोठी जत्रा असते. त्या दिवसांत खोली मिळवायची तर काही महिने आधी आरक्षण हवं.

आणि वारा. मिस्त्राल नावाचा कोरडा, गार वारा रोन नदीच्या खोऱ्यातून वायव्येकडून सुटतो. आभाळ लख्ख निळं असतं आणि आपण कुडकुडत असतो. मे महिन्यातसुद्धा एक वारा अडवणारं जाकीट जवळ ठेवा.

पोहोचायचं कसं

पॅरिसच्या गार द लियों स्थानकावरून अतिवेगवान तेजेव्हे गाडी आव्हिन्यों तेजेव्हे स्थानकात साधारण २ तास ४० मिनिटांत पोहोचते. हे स्थानक शहराबाहेर आहे. तिथून छोट्या गाडीने पाचेक मिनिटांत आव्हिन्यों सेंटर स्थानक गाठायचं आणि तिथून काव्हायोंच्या दिशेची प्रादेशिक गाडी पकडायची. ती अर्ध्या तासात लिलला सोडते. पॅरिसच्या तिकिटाचे दर विमानासारखे चढतात, म्हणून ते लवकर काढा. प्रादेशिक गाडीला आरक्षण लागत नाही.

रविवारी गाड्या कमी असतात. शनिवारी दुपारीच गावात येऊन मुक्काम करा, असं मी म्हणते त्यामागे हेही एक कारण आहे. मोटार घेऊन येणार असाल तर रविवारी नवाच्या आत जागा शोधा. त्यानंतर गावाभोवती नुसत्या घिरट्या घालाव्या लागतात.

स्थानकापासून जुनं गाव चालत दहा मिनिटांच्या आत. सामान खोलीवर टाका आणि लगेच बाहेर पडा.

शनिवार दुपार: पाणी दुभंगतं तिथे

गावातून नदीच्या उलट्या दिशेने, प्रवाहाच्या वरच्या अंगाला चालायला लागा. अर्ध्या तासाच्या आत "पार्ताझ देझो" म्हणजे "पाण्याची वाटणी" नावाची जागा येते. इथे सोर्गचे दोन मोठे प्रवाह होतात, एक व्हेल्रोंकडे जाणारा आणि दुसरा आंत्रेगकडे. दोघेही पुढे आणखी फाटत, शेतं भिजवत जातात आणि शेवटी बेदारीदजवळ ऊव्हेझ नदीला व तिच्यातून रोनला मिळतात. प्लेन वृक्षांची दाट सावली, रुंद उथळ पाणी, काठावर दोन-चार उपाहारगृहं. एक कॉफी घेऊन तासभर बसा.

बसल्याबसल्या पाण्याकडे नीट बघा. तळाचा प्रत्येक गोटा दिसतो, लांब हिरवं पाणगवत प्रवाहाबरोबर केस विंचरल्यासारखं एका दिशेला डुलत असतं. पाण्याचा हा नितळपणा येतो तो नदीच्या जन्मातून. सोर्ग डोंगरउतारावरचे ओहोळ जमवत आलेली नाही. सात किलोमीटर वर असलेल्या एकाच झऱ्यातून ती आख्खी बाहेर पडते, चुनखडीच्या डोंगरातून गाळून आलेली. त्यामुळे तिचं तापमान बाराही महिने १३ अंशांच्या आसपास असतं आणि भर उन्हाळ्यातही ती आटत नाही. या एका गोष्टीवर गावातला प्रत्येक धंदा उभा राहिला: मासळी, पिठाच्या गिरण्या, लोकर, रेशीम, कागद. पाण्यात पाय सोडायचा मोह होईल. काठावर बसून खुशाल सोडा, पण पात्रात उतरून चालू नका. ते पाणगवत हेच माशांचं घर आहे आणि ते पायाखाली तुटतं.

शनिवार संध्याकाळ: चाकांचा फेरा

गावात परत आलात की उजेड असेपर्यंत पाणचाकं बघून घ्या. रविवारी त्यांच्यासमोर माणसांची भिंत असते. एके काळी इथे साठाहून अधिक चाकं होती, आज साधारण चौदा उरली आहेत. प्लास एमिल शार या चौकाजवळचं चाक आधी गाठा, मग तेओफिल झां या गल्लीत वळा. अरुंद ओहोळाच्या कडेने एकामागून एक चाकं लागतात. लाकडी आणि लोखंडी पात्यांवर शेवाळाचे जाड थर, त्यातून निथळणारं पाणी आणि संथ, ओला आवाज. तासभर तरी द्या.

ही चाकं आपल्या रहाटासारखी पाणी उपसत नाहीत. उलट पाणीच त्यांना फिरवतं. प्रवाह खालच्या पात्यांना रेटतो, चाक फिरतं आणि आसाला जोडलेली यंत्रं भिंतीपलीकडे चालतात. उंचावरून धबधबा पडायची गरज नाही, सतत वाहतं पाणी पुरतं, आणि सोर्गने ते शतकानुशतकं पुरवलं. आज चाकं शोभेपुरती फिरतात. भिंतीपलीकडे कधी दळण होतं, कधी तेलघाणा, कधी लोकर बडवून घट्ट करायचे लाकडी हातोडे.

यातल्या काही चाकांवर मंजिष्ठ दळली जायची. आपल्या आयुर्वेदातल्या मंजिष्ठेची ही युरोपीय बहीण. मुळ्या वाळवून कुटल्या की पक्का तांबडा रंग मिळतो. १८ व्या शतकात झां आल्तेन नावाच्या आर्मेनियन माणसाने या भागात तिची लागवड रुजवली. जवळच्या एका गावाच्या नावात आजही आल्तेन आहे. १८२९ पासून फ्रेंच सैनिकांना लाल विजारी आल्या आणि मंजिष्ठेला सोन्याचे दिवस दिसले. मग १८६८ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी हाच रंग प्रयोगशाळेत तयार केला. काही वर्षांतच इथली शेतं मोडली, चाकांचा आवाज विरला.

लोकर मात्र टिकली. ब्रँ द व्हियां-तिरां ही गिरणी १८०८ पासून एकाच घराण्याकडे आहे आणि अजूनही घोंगड्या, शाली विणते. त्यांनी २०१८ मध्ये फिलाव्हांत्यूर नावाचं संग्रहालय उघडलं. तिथे आर्लच्या मेंढीपासून काश्मिरी बकरीपर्यंतची लोकर हातात घेऊन बघता येते. मुलं बरोबर असतील तर हे वगळू नका.

रविवार सकाळ: बाजार

आठच्या आत बाहेर पडा. त्या वेळी विक्रेते अजून टोपल्या मांडत असतात, पावाचा वास गल्लीभर असतो आणि गावातल्या आजीबाई चाकांची पिशवी ओढत आपापल्या ठरलेल्या भाजीवाल्याकडे निघालेल्या असतात. दहानंतर चेंगराचेंगरी सुरू होते, एकच्या सुमारास आवराआवर. खाण्यापिण्याची दुकानं मुख्यतः चर्चभोवतीच्या गल्ल्यांत आणि घाटांवर असतात. कपडे, टोपल्या, साबण कडेकडेने, आणि जुन्या वस्तू नदीपलीकडच्या रस्त्यावर. आधी काही न घेता एक फेरी मारा. एकच बकरीचं चीज तीन ठिकाणी तीन भावांत मिळतं.

बाजाराची रीत सांगते. विक्रेत्यासमोर उभं राहिलं की पहिला शब्द "बोंजूर". तो न म्हणता थेट भाव विचारणं उद्धट समजतात. फळं स्वतः हाताळायची नाहीत. काय हवं ते सांगायचं, विक्रेता निवडून देतो. खरबूज मागितलंत तर तो उलट विचारेल, आज खायचंय की उद्या? "ओझुर्दुई" म्हणजे आज, "दमँ" म्हणजे उद्या. त्याप्रमाणे तो वास घेऊन, देठाशी दाबून फळ देतो. काव्हायों हे खरबुजांचं गाव इथून दहा-बारा किलोमीटरवर. गुळगुळीत सालीचं, आत केशरी, मुठीपेक्षा थोडं मोठं असं हे फळ उन्हाळ्यात न चाखता परत येऊ नका. भाजी-फळांवर घासाघीस करत नाहीत. सुटे युरो जवळ ठेवा.

शाकाहारी मंडळींसाठी थोडं सविस्तर, कारण इथे फसगत सहज होते. फुगास हा चिरा पाडलेला चपटा पाव ऑलिव्ह घातलेलाही मिळतो आणि डुकराच्या मांसाचे तुकडे घातलेलाही. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून विचारा. तापनाद ही काळ्या ऑलिव्हची चटणी शाकाहारी वाटते, पण तिच्यात बहुधा अँचोव्ही मासा असतो. "सां-झांश्वा" म्हणजे अँचोव्हीशिवायची मागा. "सां व्हियांद" म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठच करा. बानों हे चेस्टनटच्या पानांत गुंडाळून दोऱ्याने बांधलेलं बकरीचं चीज या भागातलं सर्वांत देखणं, पण पारंपरिक चीज विरजायला जनावराच्या जठरातलं द्रव्य वापरतात. कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असू द्या. पानिस मिळालं तर जरूर घ्या. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं थापून, कापून तळलेल्या वड्या म्हणजे पानिस. मूळचं मार्सेयकडचं. पाटवडी खाल्लेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही. गोडात आप्त या गावची पाकवलेली फळं आणि कार्पांत्राच्या "बेर्लँगो" या पट्ट्यापट्ट्यांच्या गोळ्या.

आता टेबलक्लॉथच्या दुकानांपाशी या. पिवळ्या, निळ्या, लाल कपड्यावर बारीक फुलं आणि कैऱ्या. "प्रोव्हान्सची परंपरा" म्हणून विकला जाणारा हा कपडा मूळचा आपला आहे. फ्रेंचमध्ये त्याचं नावच "अँदियेन", म्हणजे हिंदुस्थानी. १७ व्या शतकात भारतातली छापील सुती चिटं मार्सेयच्या बंदरात उतरू लागली आणि युरोप त्यांच्यामागे वेडा झाला. त्यांचा पक्का, न उडणारा रंग इथल्या रंगाऱ्यांना जमत नव्हता. फ्रान्सचे रेशीम आणि लोकर विणणारे धास्तावले. १६८६ मध्ये राजाने असा कपडा आणायला, छापायला आणि वापरायलाही बंदी घातली. ती १७५९ पर्यंत टिकली. पण राजाचा हुकूम पोपच्या मुलखात चालत नव्हता! सरहद्दीच्या अलीकडे, आव्हिन्यों आणि आसपास छपाईचे कारखाने निवांत चालू राहिले आणि माल चोरून पलीकडे जात राहिला. शेवटी १७३४ मध्ये फ्रान्सने पोपशी करार करून तेही बंद पाडले. त्या दुकानात उभं राहून कपड्यावरची कैरी बोटाने चाचपताना मला फार भरून आलं होतं. आपल्याकडच्या कुणा अनामिक छिप्याची ही नक्षी, इतकी शतकं, इतक्या दूर. एक रुमाल तरी घ्याच. फक्त कापड हातात घेऊन बघा, पॉलिएस्टरही खूप असतं. सुती म्हणजे "कोतों".

रविवार दुपार: चर्च आणि एक नाहीशी झालेली गल्ली

बाजार उठत असताना नोत्र दाम देझांझ या चर्चमध्ये शिरा. सकाळी प्रार्थना चालू असते, तेव्हा बघे म्हणून जाऊ नये. बाहेरून ही इमारत अगदी साधी, म्हणून अनेकजण समोरच्या कट्ट्यावर बसून तशीच सोडून देतात. आत पाऊल टाकलं की सोनंच सोनं. १७ व्या शतकात ते नव्याने बांधलं गेलं ते इटालियन बरोक धाटणीत, कारण इथल्या मालकाचा, म्हणजे पोपचा, ओढा पॅरिसकडे नव्हता, रोमकडे होता. कमानींच्या खांद्यांवर टेकलेल्या सोनेरी स्त्रीमूर्ती एकेक सद्गुण दाखवतात. त्या ओळखत एक फेरी मारा. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या, मग वर बघा.

चर्चसमोरचं काफे द फ्रान्स बहुतेकांना फोटोतून माहीत असतं. विली रोनी या छायाचित्रकाराने १९७९ मध्ये टिपलेलं ते छायाचित्र. बसायला जागा मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तर हळहळू नका.

तिथून प्लास द ला ज्युइव्हरी शोधा, म्हणजे "ज्यूंचा चौक". बघण्यासारखं काही नाही, आणि म्हणूनच मी तुम्हाला तिथे पाठवते आहे. फ्रान्सच्या राजांनी १४ व्या शतकात ज्यूंना राज्याबाहेर काढलं, १५०१ मध्ये शेजारच्या, तेव्हाच्या प्रोव्हान्स प्रांतातूनही. उरला आसरा पोपच्या मुलखाचा. आव्हिन्यों, कार्पांत्रा, काव्हायों आणि लिल या चारच ठिकाणी त्यांना राहू दिलं, तेही एका गल्लीत कोंडून. त्या गल्लीला "कारिएर" म्हणत. रात्री दारं बंद, डोक्यावर पिवळी टोपी सक्तीची, ठरावीक धंदे सोडून बाकी मनाई. आसरा होता, पण अपमानासकट. राज्यक्रांतीनंतर मुभा मिळाली, माणसं मोठ्या शहरांकडे गेली आणि लिलचं सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनागृह, १९ व्या शतकात पाडलं गेलं. आज चौकाचं नाव आणि गावाबाहेरची दफनभूमी एवढंच मागे आहे. उभं सिनॅगॉग बघायचं तर कार्पांत्राला जा. १३६७ चं ते फ्रान्समधलं वापरात असलेलं सर्वांत जुनं.

वेळ असेल तर काम्प्रदों ही १८ व्या शतकातली हवेली बघा. तिथे चित्रप्रदर्शनं भरतात. व्हिला दात्रिस इथे आधुनिक शिल्पं आहेत, बागेतून नदी वाहते आणि प्रवेश विनामूल्य. हिवाळ्यात ते बंद असतं. कवी रने शार याच गावचे, जन्म १९०७. दुसऱ्या महायुद्धात "कॅप्टन आलेक्झांद्र" या नावाने त्यांनी जर्मनांविरुद्ध भूमिगत लढ्याची तुकडी चालवली. १९८८ मध्ये ते गेले, त्यांना याच गावात पुरलं.

जुन्या वस्तू

१९६६ मध्ये इथे जुन्या वस्तूंची पहिली जत्रा भरली आणि कापडगिरण्यांच्या ओसाड इमारतींना नवे भाडेकरू मिळाले. स्थानकाजवळची "व्हिलाझ देझांतिकेर" ही त्यातली एक, पूर्वीचा विणकामाचा कारखाना. आज गावात काहीशे व्यापारी आहेत. त्यांची दुकानं शनिवार, रविवार, सोमवार उघडी असतात, इतर दिवशी बरीच कुलपं. रविवारी रस्त्यावर मांडलेला माल स्वस्त, इमारतींतला महाग आणि निवडक.

इथे घासाघीस चालते, पण सभ्यपणे. वस्तू हातात घ्यायच्या आधी विचारा. किंमत ऐकून तोंड वाकडं करू नका. "से व्होत्र मेय्यर प्री?" म्हणजे हाच तुमचा शेवटचा भाव का, एवढं हसून विचारलं तर थोडंफार कमी होतं. निम्मा भाव सांगितलात तर संभाषण तिथेच संपतं. विमानाने परतणाऱ्यांनी हलकं घ्यावं: नावाची आद्याक्षरं भरलेले जुने तागाचे टॉवेल, जुनी पोस्टकार्डं, नकाशे, इनॅमलची कॉफीची किटली. हस्तिदंताच्या वस्तूंना हात लावू नका, त्या देशाबाहेर नेणं आणि भारतात आणणं दोन्ही कायद्याच्या कचाट्यात अडकवणारं आहे.

सोमवार: उगमापाशी

सकाळी लवकर फोंतेन-द-व्होक्लूझ गाठा. सात किलोमीटर, बसने किंवा भाड्याच्या सायकलने. एप्रिल ते ऑक्टोबर तिथून लिलपर्यंत कयाक या छोट्या, वल्हवायच्या होडीनेही येता येतं. साधारण आठ किलोमीटर, दोन तास. पोहता येत असेल तर हा सर्वांत सुंदर परतीचा रस्ता.

गावातून उगमापर्यंत नदीकाठची पाऊलवाट पाव तासाची. वाटेत जुन्या पद्धतीची कागदाची गिरणी लागते, चाक अजून फिरतं. इटालियन कवी पेत्रार्क १३३७ पासून १३५३ पर्यंत मधूनमधून या दरीत राहिला, त्याचं छोटं संग्रहालय नदीपलीकडे आहे. वाट संपते ती २३० मीटर उंच कड्याच्या पायथ्याशी. लॅटिनमध्ये या दरीला "बंद दरी" म्हणत, त्यावरून व्होक्लूझ, आणि त्यावरून अख्ख्या जिल्ह्याचं नाव.

कड्याखालच्या विवरातून वर येणारं पाणी सरासरी सेकंदाला २० घनमीटर, वर्षाला ६० कोटी घनमीटरांहून अधिक. मों व्हांतू हा डोंगर आणि आसपासच्या पठारांवर पडलेला पाऊस आणि वितळलेला बर्फ भेगांतून झिरपत इथे एकत्र येतो. फ्रान्समधला हा सर्वांत मोठा झरा. तो किती खोल आहे हे शोधायला माणसांनी जीव पणाला लावले. १९४६ मध्ये प्रसिद्ध फ्रेंच सागरसंशोधक झाक कूस्तो आणि त्याचे साथीदार उतरले आणि नळकांड्यांतल्या दूषित हवेमुळे मरता मरता वाचले. १९८५ मध्ये एक यंत्रमानव ३०८ मीटरवर वाळूच्या तळाला टेकला. आयफेल टॉवर आत उभा केला तर फक्त टोक वर राहील. गोताखोरांना आत रोमन काळातली दीड हजारांहून अधिक नाणी सापडली. दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं इथे येऊन पाण्यात नाणं टाकत होती.

उन्हाळ्यात गेलात तर विवरात फक्त खोलवर एक हिरवा, निश्चल डोह दिसेल आणि नदी त्याच्या बरीच खालून, दगडांच्या फटींतून निघताना दिसेल. निराश होऊ नका. वसंतात किंवा शरदातल्या मोठ्या पावसानंतर तोच डोह काठ ओलांडून फेसाळत खाली येतो. पाणी कुठवर चढतं हे बघायचं असेल तर विवराच्या वरच्या खडकाकडे नजर टाका. तिथे कातळाच्या भेगेत एक अंजिराचं झाड आहे. पूर येतो तेव्हा पाणी त्याच्या मुळांपर्यंत पोहोचतं.